मेट्रनबाई काय पुटपुटायच्या

आईचं पुस्तक सिंधूकाकूंच्या देवघरात होतं. अन्नपूर्णेच्या शेजारी, भिंतीला टेकवून उभं. वरच्या प्लॅस्टिकवर हळदकुंकवाची बोटं उमटली होती आणि स्पायरलच्या तारेत जास्वंदीचं फूल खोचलं होतं.

आई देवघरासमोर उभी राहून बघत राहिली.

"सिंधूताई," ती शेवटी म्हणाली, "हे मी वाचायला दिलं होतं."

"वाचलं की हो! पहिलं पान. काय सुंदर श्लोक आहे! मग असं पुस्तक कुठंही कसं टाकायचं? पाय लागायचा एखाद्याचा."

"आणि पुढची पानं?"

"एकादशीला सुरू करणार आहे."

आतल्या खोलीतून अण्णा ताम्हनकरांचा आवाज आला. "मेट्रन, ही त्या पुस्तकाला रोज उदबत्ती ओवाळते. एकदा मलाही ओवाळ म्हणावं. मीसुद्धा हललेलो नाही जागेवरून."

"काहीतरीच बोलता तुम्ही!" सिंधूकाकू ओरडल्या आणि आमच्याकडे बघून हसल्या.

आई हसली नाही. ती हात धुवायला मोरीकडे गेली.

ही गोष्ट मिरजेतली, बारा-तेरा वर्षांपूर्वीची. आई मिशनच्या हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून निवृत्त झाली होती, पण गावानं तिला निवृत्त केलं नव्हतं. कुणाचे वडील अंथरुणाला खिळले, कुणाच्या सासूला अर्धांग झाला, की माणसं आमच्या दारात यायची. कूस कशी बदलायची, पडल्या पडल्या अंघोळ कशी घालायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं. तेच तेच सांगून कंटाळल्यावर आईनं ते लिहून काढलं. सांगलीच्या मुळगुंदांनी छापायचं कबूल केलं. मुळगुंद दिनदर्शिका छापायचे, व्रतांची पुस्तकं छापायचे आणि 'मन जिंका, जग जिंका' या चालीवरची पुस्तकंही छापायचे. आईचं हस्तलिखित वाचून ते म्हणाले होते, "बाई, माहिती उत्तम आहे. पण नुसतं पाठ पुसा, चादर ताणून घाला, हे कोण विकत घेईल? याला अधिष्ठान पाहिजे. प्रत्येक प्रकरणाच्या वर एक वचन टाका. सगळ्या धर्मांचं. म्हणजे सगळ्यांच्या घरात जाईल."

आईनं फक्त पहिल्या पानावर एक ओळ घातली होती, आमच्या शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, स्तोत्रांतली. बाकी सगळ्या वचनांचं काम माझ्यावर आलं. मी कोल्हापूरला कॉलेजात शिकवत होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले होते. या विषयावरचं माझं वाचनही बरं होतं. आठ दिवस बसून मी वचनं निवडली. श्लोक, आयती, बुद्धवचनं, बायबलातली वचनं, संतांच्या ओळी. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. कूस बदलण्याच्या प्रकरणावर धैर्याचं वचन, भरवण्याच्या प्रकरणावर अन्नाचं. आई माझ्या खांद्यावरून बघायची आणि म्हणायची, "पंडिताबाई, बेडपॅनच्या प्रकरणाला काय शोधलंयस ते बघायचंय मला."

तिथं मी नम्रतेचं वचन घातलं होतं. चांगलं होतं ते.

मुळगुंदांनी छापण्याआधी आईनं झेरॉक्स काढून, स्पायरल घालून तीन प्रती तीन घरांत दिल्या. तिन्ही घरांत अंथरुणावर पडलेलं माणूस होतं. "आठ दिवस वापरा," ती म्हणाली होती, "आणि कुठं अडतंय ते सांगा."

आज आठ दिवस झाले होते.

आई पदराला हात पुसत अण्णांच्या खोलीत आली. अण्णा खुब्याचं हाड मोडून पडले होते. उताणे, पोटावर घडी केलेला पेपर.

"कुशीवर कधी झाला होतात?"

"शाळेत असताना होतो बहुतेक."

"सिंधूताई, या. पंडिताबाई, तूपण ये. तू गुडघे धर."

मी गुडघे धरले. मला ते काम कधीच आवडलं नाही. आईनं खांद्याखाली हात घातला, खाली वाकली, अण्णांच्या कानाशी काहीतरी पुटपुटली आणि आम्ही अण्णांना वळवलं. अण्णा कण्हले, पण ओरडले नाहीत. सिंधूकाकूंनी मला कोपरानं ढोसलं.

"बघितलंस? रामाचं नाव घेतात. आमच्या सासूबाईंच्या वेळीही घ्यायच्या. ख्रिश्चन असून घेतात, म्हणून तर मी यांना मानते."

माकडहाडावर लाल चट्टा होता. आईनं तो बोटानं दाबला. बोट काढल्यावर लाली तशीच राहिली.

"काय आहे हो?" अण्णांनी भिंतीला विचारलं. त्यांचं तोंड आता भिंतीकडे होतं.

"फोडणार होतात तुम्ही पाठ," आई म्हणाली. "अजून फुटलेली नाही. पुस्तकातलं चौथं पान. सिंधूताई, चौथं पान वाचलं असतंत तर हे झालं नसतं."

सिंधूकाकूंचा चेहरा पडला. आईनं लगेच त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि दोन गुडघ्यांमध्ये उशी कशी घालायची ते दाखवायला लागली. मी देवघराकडे बघत होते. पहिल्या पानावरचा तो श्लोक मी निवडलेला होता. तो आधी आईच्या ओळीच्या खाली होता. 'तुझी खाली घे,' असं मीच आईला म्हणाले होते.

रशीदाभाभी मुजावरांचं घर दर्ग्याच्या मागच्या गल्लीत. त्यांच्या सासऱ्यांची, म्हणजे अब्बांची, एक बाजू गेली होती. भाभींनी आम्हाला पाणी दिलं, चहा टाकला आणि आईनं काही विचारायच्या आत म्हणाल्या, "तुमची अमानत सांभाळून ठेवलीय हं, मेट्रनबाई."

"कुठं?"

भाभींनी वर बोट दाखवलं. कपाटाच्या अगदी वर, छताला टेकेल असं, जरीच्या हिरव्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

आई खुर्चीत बसली.

"त्यात अल्लाचं कलाम आहे ना," भाभी म्हणाल्या. "खाली कसं ठेवू? अब्बांचं सगळं अंथरुणातच होतं. ती जागा पाक नाही. आणि माझे हात दिवसभर त्यातच. वजू केल्याशिवाय उघडायचं कसं? एकदा उघडलं, जुम्म्याला. ती आयत वाचली, डोळ्याला लावली, परत ठेवलं."

"आणि अब्बांची कूस?"

"ते तुम्ही मागे तोंडी सांगितलेलं, तेवढं करते की मी."

आईनं अब्बांची पाठ बघितली. चांगली होती. भाभी मेहनती बाई. पण टाच काळी पडायला लागली होती, आणि टाचेचं प्रकरण कपाटावर होतं. आईनं अब्बांना सरकवायला हात घातला, वाकली, पुन्हा ते पुटपुटणं. या वेळी मी मुद्दाम कान दिला. पण अब्बांचा खोकला मध्ये आला.

"दुवा पढतात," रशीदाभाभी मला हळूच म्हणाल्या. "मी बाळंत झाले तेव्हापण पढायच्या. त्याचा असर आहे त्यांच्या हातात. पुस्तकात छापलीय का ती?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

"तुम्हाला माहीत नाही? तुम्ही एवढं शिकलेल्या!"

बाहेर आल्यावर मी आईला विचारलं, "आई, तू काय पुटपुटतेस गं?"

"कधी?"

"माणसाला वळवताना."

"तुला काय करायचंय, पंडिताबाई? तुझ्याकडे चार धर्मांची आहेत की."

तिसरं घर आमच्याच मंडळीतलं. मार्थामावशी चोपडे आईबरोबर चर्चच्या गायनमंडळात होती. तिची मोठी बहीण लीलामावशी वर्षभर पडून होती. इथं तरी पुस्तक उघडलेलं असेल, असं मला वाटत होतं. आईलाही वाटत असावं, कारण ती भराभर चालत होती.

पुस्तक लीलामावशीच्या उशीखाली होतं, तारेची बाजू उशीबाहेर मानेखाली आलेली.

"ते ठेवल्यापासून शांत झोपते," मार्थामावशी म्हणाली. "तुझं ते स्तोत्र आहे ना पहिल्या पानावर, बरोबर डोक्याखाली येतं."

आईनं उशी उचलून पुस्तक ओढून काढलं. लीलामावशीच्या मानेवर स्पायरलच्या तारेचे वळ होते, एकाखाली एक, शिवण घातल्यासारखे.

"शांत झोपते?" आई म्हणाली. "हिला बोलता येत नाही, मार्था."

मग तिला हसू फुटलं. भिंतीला टेकून, तोंडाला पदर लावून ती हसत सुटली. मार्थामावशी आधी रागावली, मग तीही हसायला लागली. लीलामावशीचा अर्धा ओठसुद्धा वर गेला. मी मात्र त्या वळांकडे बघत होते. तिथं कुठल्या धर्माच्या पानाची तार रुतली होती ते बघत होते म्हणा हवं तर.

घरी येईपर्यंत आईचं हसू ओसरलं. संध्याकाळी ती ओट्यापाशी मेथी निवडत बसली. जुड्या संपल्या तरी हात थांबले नाहीत. नुसत्या देठांशी खेळत राहिले.

"तुझी निवड वाईट नाही," ती म्हणाली. "उलट फार चांगली आहे. वाईट असती तर बरं झालं असतं. रद्दी म्हणून तरी खाटेखाली पडलं असतं पुस्तक. कुणीतरी चौथं पान उघडलं असतं."

"लोकांना भीती वाटते, विटाळेल म्हणून."

"भीती नाही गं. मान आहे तो. तुझ्या श्लोकांनी माझ्या पुस्तकाचा देव केला, आणि देवाला कुणी बेडपॅनशेजारी ठेवत नाही. मी तरी ठेवते का? माझं शास्त्र कुठं असतं?"

तिचं शास्त्र पांढऱ्या विणलेल्या रुमालात, शोकेसच्या वरच्या फळीवर असायचं. ते उघडण्याआधी ती हात धुवायची. मी लहानपणापासून बघत होते.

"मग काय करायचं?"

"अण्णांची पाठ फुटली तर ते जाणार," आई म्हणाली. "साखर आहे त्यांना. तीन घरं मला माहीत आहेत, म्हणून मी गेले. जी माहीत नाहीत तिथं पुस्तकच जाणार ना? ते जर कपाटावर बसणार असेल, तर मी लिहिलं कशाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मुळगुंद आले. बाहेर स्कूटर लावून, काखेत मुखपृष्ठाची गुंडाळी घेऊन. त्यांनी ती टेबलावर उलगडली आणि चारी कोपऱ्यांवर आमचे चार कप ठेवले. मध्यभागी जोडलेले दोन हात, त्यातून निघणारे किरण, आणि किरणांच्या टोकाला चार धर्मांची चार चिन्हं.

"आर्टिस्टनं जीव ओतलाय, बाई."

"छान आहे," आई म्हणाली. "पण हात जोडलेले चालणार नाहीत. हात मोकळे पाहिजेत."

मुळगुंद हसले. आई हसत नाही हे बघून थांबले.

"वचनं काढायची आहेत, मुळगुंद. सगळी."

"सगळी?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ताईंनी एवढी मेहनत घेतली. एक धर्म राहिला असेल तर तोही घालू आपण, जैन..."

"राहिलेला नाही. काढायचे आहेत."

"अहो, वचनांशिवाय हे पुस्तक कोण हातात घेईल?"

"हातात घ्यायचंच नाहीये. हात पेशंटला लागतात."

मुळगुंदांनी चष्मा काढून पुसला. मग चष्मा न लावताच म्हणाले, "स्पष्ट बोलतो, बाई. वचनं नसतील तर मला छापणं परवडणार नाही. गठ्ठे पडून राहतील. तुमच्या दारात येणाऱ्या माणसांना तुम्ही तोंडी सांगताच आहात, तसंच सांगत राहा."

पुस्तक आता निघणार नाही, हे मला कळलं. आईलाही कळलं असणार. ती उठून स्वयंपाकघरात गेली. तिला रडू आलं असावं असं मला वाटलं आणि मी उठणार, तेवढ्यात ती परत आली. हातात भिंतीवरची दिनदर्शिका होती. दूधवाल्याच्या खाड्यांच्या खुणांनी भरलेली, एका कोपऱ्याला फोडणीचे डाग.

"ही तुमचीच ना?"

"आमचीच. सालाबादप्रमाणे."

"ही माझ्याकडे वर्षभर ओट्याशेजारी लटकते. पिठाच्या हातानं पान उलटते मी. हिच्यावर देवाचं चित्र आहे तरी कुणी सोवळ्यात नेत नाही. का?"

"दिनदर्शिका ती..."

"तेच म्हणते. माझं पुस्तक असं काढा. वर ही पत्र्याची पट्टी, अडकवायला कडी. खाटेशेजारी खिळ्याला टांगलं की झालं. एका पानावर एक काम. मोठं चित्र, मोठी अक्षरं. जाड प्लॅस्टिक, डेटॉलनं पुसता येईल असं."

मुळगुंदांनी चष्मा लावला. पट्टीवरून बोट फिरवलं. छापखान्याचा हिशोब त्यांच्या चेहऱ्यावर चाललेला दिसत होता.

"मशीन आहे माझ्याकडे," ते स्वतःशीच म्हणाले. "दिवाळीनंतर दिनदर्शिकांबरोबर दुकानात जाईल." मग एकदम, "पण बाई, एक तरी वचन. माझ्या समाधानासाठी. अगदी शेवटी."

"शेवटच्या पानाच्या मागे छापा."

"मागे? ते तर भिंतीकडे जाणार!"

"तिथं कुणाचा पाय लागणार नाही, कुणाचा हात लागणार नाही. वचनांना त्याहून चांगली जागा आहे का?"

अशा रीतीनं चार धर्मांतून निवडलेली माझी वचनं भिंतीकडे तोंड करून छापली गेली. मुळगुंद गेल्यावर मी वचनांची यादी करताना आईला विचारलं, "आणि तुझी ओळ? ती तरी पुढं ठेव."

त्या ओळीवर तिची सगळी नोकरी उभी होती, अशी माझी समजूत होती. ती पुटपुटते ते तेच असणार, अशीही.

"माझी काढून टाक," आई म्हणाली. "मागूनसुद्धा."

"का?"

"ताम्हनकरांकडे ती देवघरात जाईल आणि चोपड्यांकडे उशीखाली. मला पाठ आहे ती. माझ्यापाशी बरी आहे."

अण्णांचा चट्टा महिन्याभरात गेला. त्यानंतर ते काही वर्षं छान कुरकुरत जगले. सिंधूकाकूंनी ते टांगायचं पुस्तक खाटेशेजारी टांगलं, पानं डागाळली, फाटली, त्यांनी चिकटपट्टी लावली. हळदकुंकू त्यांनी खिळ्याला लावलं. आईनं ते बघितलं आणि चौथं पान वर काढून ठेवलं.

मागच्या वर्षी आई पडली. मी रजा घेऊन घरी आले. तिच्या खाटेशेजारी मी तिचंच पुस्तक टांगलं आणि चौथं पान काढून ठेवलं. चित्रात दोन मोकळे हात आणि एक पाठ. खाली मोठ्या अक्षरांत: आधी सांगा. मग वळवा.

पहिल्या दिवशी मी चित्राप्रमाणे हात घातले आणि तिला वळवलं.

"पोतं आहे का मी?" आई म्हणाली. आवाज बारीक झाला होता, पण मेट्रनचाच होता.

"चित्राप्रमाणेच केलं."

"वाचता येतं ना पंडिताबाईंना? खाली काय लिहिलंय?"

"आधी सांगा."

"मग सांग."

"काय सांगू?"

तिनं मला मानेनं जवळ बोलावलं. मी वाकले. तिचा श्वास माझ्या कानाला लागला, आणि ते पुटपुटणं मी आयुष्यात पहिल्यांदा नीट ऐकलं.

"एक, दोन, तीन."

मी मान वर केली.

"हेच? एवढी वर्षं?"

"मग? चौघांनी एकदम उचलायला नको का? आणि झोपलेल्यालाही कळतं, आता हलवणार म्हणून. तो दचकत नाही. मोठ्यानं म्हटलं तर वॉर्डातले बाकीचे उठतात."

"आई, सिंधूकाकूंना वाटतं तू रामाचं नाव घेतेस. रशीदाभाभींना वाटतं दुवा पढतेस."

"मार्थाला?"

"तिला वाटतं तुझं ते स्तोत्र."

आई हसायला लागली आणि हसता हसता तिला ठसका लागला. मी पाणी दिलं.

"मी कुणाला नाही म्हटलं नाही," ती म्हणाली. "पाठीला बरं वाटायचं त्यांच्या." मग थोड्या वेळानं, "चल, आता नीट वळव. सांगून."

नंतर तिनं कधी तक्रार केली नाही. तिची पाठ शेवटपर्यंत चांगली राहिली. हे मी अभिमानानं सांगते. बाकी मला फार काही करता आलं नाही.

ती गेली त्या सकाळी चर्चचे पाळकसाहेब यायला वेळ होता. आंघोळ घालायची होती. मार्थामावशी पाणी गरम करून घेऊन आली. रशीदाभाभी न बोलावता आल्या आणि बाह्या सारून उभ्या राहिल्या. सिंधूकाकू काठी टेकत आल्या. खाली बसवत नव्हतं, म्हणून खुर्ची ओढून पायांपाशी बसल्या आणि आईचे दोन्ही घोटे हातात धरले.

आम्ही चौघी तिच्याभोवती होतो. कुणीच हलेना. काहीतरी म्हणायला हवं होतं आणि प्रत्येकीकडे तिचं तिचं होतं, पण दुसऱ्या घरात, दुसरीच्या माणसावर ते म्हणायचं कसं, अशा संकोचानं तिघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी शिकलेली. मला चार धर्मांतलं येत होतं.

मी खांद्याखाली हात घातले, वाकले आणि आईच्या कानाशी म्हणाले, "एक, दोन, तीन."

आम्ही तिला एकदम वळवलं.

"तेच का गं ते?" सिंधूकाकूंनी विचारलं.

"हो, काकू. तेच."

रशीदाभाभींनी डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत ते पुन्हा म्हटलं. मार्थामावशीनं पाणी ओतायला सुरुवात केली. मी तिची पाठ धुतली. चौथ्या पानावर सांगितलंय तशी, वरून खाली, हलक्या हातानं.